आधी पान वाचा, मग चित्र पाहा: व्हिक्टोरियन नाटकांच्या जुन्या छापील चित्रांविषयी

सोलापूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: त्यांच्या आत्या लंडनमध्ये नोकरीला होत्या. त्यांच्या पेटीत जुन्या इंग्रजी नाटकांची तीन छापील पानं निघाली. पहिल्यावर ‘कोलीन बॉन’ नाटकातला पाण्याचा प्रसंग आहे, काळ्या शाईत. दुसरं ‘मॅकबेथ’चं, लंडनच्या लायसियम थिएटरचं, आणि ते रंगीत आहे. तिसऱ्यावर ओळीनं उभ्या छोट्या छोट्या आकृत्या आहेत. ही पानं खरी जुनी आहेत का, रंग मूळचे आहेत का, त्यांना किंमत किती, रंगमंचावर खरंच असं दिसायचं का, आणि फ्रेमवाला म्हणतो तसं लॅमिनेट करून घ्यावं का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर बाकीच्या उत्तरांना अर्थ राहणार नाही. लॅमिनेट करू नका. गरम प्लास्टिक कागदाच्या तंतूंत वितळून बसतं आणि ते पुन्हा सोडवता येत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यापासून पदवीच्या प्रमाणपत्रापर्यंत सगळं लॅमिनेट करायची सवय आहे, त्यामुळे फ्रेमवाल्यानं ते चांगल्या मनानंच सुचवलं असेल. पण जुन्या छापील चित्राचा तो शेवट ठरतो. कडा कापून ‘नीट’ करून घेणं हेही तितकंच वाईट. चित्राची ओळख पटवणारं बहुतेक सगळं त्या कडांवर आणि पानाच्या पाठीवर असतं. कागद दुरुस्तीच्या इतक्या वर्षांच्या कामात माझी एक रीत पक्की झाली आहे. पान हातात आलं की मी ते आधी उलटं करतो. चित्राकडे सगळ्यात शेवटी वळतो.

तुमचं ‘कोलीन बॉन’चं पान उलटं करा. मागे बारीक अक्षरात इंग्रजी मजकूर असेल, संसदेची बातमी, जहाजांची यादी, कुणाचा मृत्युलेख, तर ते सचित्र साप्ताहिकातून निघालेलं पान आहे. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ १८४२ मध्ये सुरू झालं, ‘ग्राफिक’ १८६९ मध्ये, आणि नाटक नि शर्यतींना वाहिलेलं ‘इलस्ट्रेटेड स्पोर्टिंग अँड ड्रामॅटिक न्यूज’ १८७४ मध्ये. आज बाजारात व्हिक्टोरियन नाट्यप्रसंग म्हणून जे विकलं जातं त्यातला फार मोठा भाग या आणि अशाच साप्ताहिकांचा आहे. वरच्या कडेला साप्ताहिकाचं नाव, तारीख आणि पृष्ठक्रमांक असतो. ती तारीख मिळाली की निम्मं काम झालं. नाटकाचा पहिला प्रयोग साधारणपणे त्याच्या काही आठवडे आधीचा असतो, आणि त्याच अंकात कुठेतरी त्या नाटकाचं परीक्षणही असण्याची दाट शक्यता असते. डाव्या कडेला बारीक भोकं दिसली तर पान बांधीव खंडातून सोडवलेलं आहे. घाबरू नका, तेही खरेपणाच्याच बाजूनं बोलतं. पाठ कोरी असली म्हणून लगेच नक्कल समजायचं असंही नाही, पुरवणीतल्या मोठ्या चित्रांची पाठ कधी कधी कोरी असायची.

आता भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग पुरतं. मूळ पानावर ठिपके दिसणार नाहीत, फक्त रेघा दिसतील. आकाशासाठी समांतर रेघा, सावलीसाठी एकमेकींना छेदणाऱ्या रेघा, आणि काळ्यावर पांढरी रेघ हवी तिथे नेमकी कोरून काढलेली. हे लाकडी ठशाचं काम. बॉक्सवूड नावाच्या अतिशय घट्ट लाकडाचा आडवा छेद घ्यायचा, त्यावर पांढरा हात द्यायचा, वर चित्रकारानं चित्र काढायचं, आणि मग कोरणाऱ्यानं पांढरं राहायला हवं ते सगळं काढून टाकायचं. उरलेल्या उंच रेघांना शाई लागते. ठसा टाइपाच्या उंचीचा असल्यानं मजकुराबरोबर एकाच यंत्रावर छापता येतो. साप्ताहिकांना हे तंत्र सोयीचं पडलं ते त्यामुळेच.

बॉक्सवूडचं झाड फार जाड होत नाही. त्यामुळे मोठ्या चित्रासाठी लहान लहान ठोकळे मागून बोल्टनं जोडून एक करायचे. चित्र काढून झालं की बोल्ट सोडायचे, ठोकळे वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटायचे, रात्रभर काम चालायचं, आणि सकाळी पुन्हा जोडायचे. म्हणून भिंगातून नीट पाहिलंत तर चित्राच्या मधून केसाएवढी पांढरी सरळ रेघ आरपार गेलेली सापडते. कुठे ती एखाद्या नटाच्या दंडावरून जाते, कुठे पाण्यावरून, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींना तंतोतंत मिळत नाहीत. दोन माणसांचे हात वेगळे होते हे तिथे उघड दिसतं. ही सांध्याची रेघ मला मुख्य चित्राइतकीच प्रिय आहे. मात्र एकट्या तिच्यावर निकाल देऊ नका, कारण मूळ पानाचा फोटो काढून केलेल्या नकलेतही ती येते. भिंगात ती रेघ गुलाबी, पिवळ्या, निळ्या ठिपक्यांच्या जाळीत दिसली तर ती आजच्या ऑफसेटची नक्कल. ठिपके फक्त काळे आणि एकसारख्या ओळींत असतील तर हाफटोन, म्हणजे चित्र किंवा फोटो लहान-मोठ्या ठिपक्यांत फोडून छापायचं तंत्र. १८९० नंतरच्या साप्ताहिकांत मूळ चित्रंच हाफटोननं छापलेली असायची, म्हणून तिथे तारीख आधी पाहावी.

भिंगात रेघांऐवजी खडूनं काढल्यासारखा रवाळ पोत दिसला तर ती शिळाछाप, म्हणजे दगडावर चित्र काढून केलेली छपाई. पुण्याच्या चित्रशाळेची किंवा रविवर्मा प्रेसची जुनी चित्रं जवळून पाहिलेल्यांना हा पोत लगेच ओळखू येईल, तंत्र तेच. नाटकांच्या बाबतीत शिळाछाप मुख्यतः दोन ठिकाणी भेटते: गाजलेल्या नाटकांच्या नावानं निघणाऱ्या पियानोच्या सुरावटींची मुखपृष्ठं, आणि भित्तिपत्रकं. मुखपृष्ठांत आल्फ्रेड कॉन्कानेन आणि जॉन ब्रँडर्ड यांची नावं दिसली तर ती वेगळी काढून ठेवा, दोघं फार ताकदीचे होते. पोलादी पत्रा कोरून केलेली चित्रंही असतात, पण त्यांत प्रसंग कमी आणि भूमिकेतल्या नटांच्या उभ्या छब्या जास्त. जॉन टॅलिसनं १८५० च्या सुमारास शेक्सपिअरच्या आवृत्तीसाठी काढलेल्या अशा छब्या तर डगेरोटाइप या अगदी सुरुवातीच्या तंत्रानं काढलेल्या फोटोंवरून कोरलेल्या आहेत.

आता ‘कोलीन बॉन’ विषयी, कारण रंगमंचावर खरंच असं दिसायचं का या प्रश्नाचं उत्तर याच पानात आहे. डायन बूसिको या आयरिश नाटककाराचं हे नाटक १८६० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला आलं आणि सप्टेंबरमध्ये लंडनच्या अडेल्फी थिएटरात. पाण्यानं भरलेल्या गुहेत डॅनी मॅन गरीब आयलीला खडकावरून ढकलतो आणि माइल्स वरून उडी घेऊन तिला वाचवतो. माइल्सची भूमिका बूसिको स्वतः करायचा, आयलीची त्याची बायको ॲग्नेस रॉबर्टसन. या उडीनं लंडन वेडं झालं. व्हिक्टोरिया राणीनं १८६१ मध्ये हे नाटक एकाहून अधिक वेळा पाहिलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रिन्स आल्बर्ट वारले आणि तिचं थिएटरात जाणंच संपलं.

चित्रात लाटा खऱ्या वाटतात, खडक ओले दिसतात, वरून चंद्रप्रकाश येतो. रंगमंचावर ते पाणी म्हणजे निळं झिरझिरीत गॉझचं कापड होतं, आणि आडोशाला बसलेली मुलं ते हलवत राहायची. माइल्सची उडी रंगमंचाच्या तळातल्या उघड्या फटीत पडायची. चित्रकाराला हे सगळं दिसत होतं, तरी त्यानं पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाला जे वाटलं ते काढलं. कापड काढलं नाही. समोरचे गॅसचे दिवे, वाद्यवृंद, प्रेक्षकांची डोकी, विंगांच्या कडा यांतलं बहुतेक गळालेलं असतं. दोन-तीन मिनिटांत घडणाऱ्या गोष्टीही एका चित्रात येतात: डॅनी अजून खडकावर आहे, आयली पाण्यात आहे आणि माइल्स हवेत आहे, असं. म्हणून या चित्राला मी फोटोसारखा पुरावा मानत नाही. नाटकाचा कोणता क्षण लोकांच्या मनात बसला होता, याचा मात्र तो पक्का पुरावा आहे. साप्ताहिकाला अंक विकायचा होता, त्यामुळे गावभर ज्याची चर्चा तोच क्षण तिथे छापला जायचा.

याच नाटकातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नाटक कसं सुचलं हे बूसिकोनं पुढे सांगितलं आहे. किलार्नीच्या तळ्यांची पोलादी कोरीव छापील चित्रं त्याच्या हाती आली, आणि त्यानं ती न्यूयॉर्कच्या थिएटरची मालकीण लॉरा कीन हिच्याकडे पाठवली, पडदे रंगवणाऱ्यानं लगेच कामाला लागावं म्हणून. म्हणजे आधी छापील चित्र, त्यावरून रंगवलेला पडदा, आणि त्या पडद्यापुढच्या प्रसंगाचं पुन्हा छापील चित्र. त्या काळातलं थिएटर आणि छापखाना एकमेकांना किती लागून होते हे यापेक्षा स्पष्ट कशानं दिसेल?

बूसिकोचं नाव आलंच आहे तर मराठी वाचकाला माहीत असावं असं एक सांगतो. १८५७ चा उठाव पुरता शमलाही नव्हता तेव्हा, १८५८ च्या फेब्रुवारीत, त्यानं न्यूयॉर्कमध्ये लखनौच्या वेढ्यावर ‘जेसी ब्राउन’ हे नाटक लावलं. त्यात नानासाहेब पेशवे खलनायक. प्रेक्षकांच्या रोषाला भिऊन दुसरा कुणी नट ती भूमिका घेईना, तेव्हा बूसिको स्वतः नानासाहेब होऊन उभा राहिला. १८५७ वरची अशी इंग्रजी नाटकं आणि त्यांची चित्रं पाहताना एक लक्षात ठेवावं: त्यांतले पोशाख, दागिने, देवळं लंडन-न्यूयॉर्कच्या पोशाखवाल्यांच्या कल्पनेतली आहेत. आपल्या इतिहासाचं साधन म्हणून ती वापरू नयेत. तिकडच्या प्रेक्षकाला आपण कसे दाखवले जात होतो, हे अभ्यासायला मात्र ती फार उपयोगी आहेत.

दुसरं पान, ‘मॅकबेथ’. त्या काळचा गाजलेला नट हेन्री इरविंग याचं लायसियममधलं ‘मॅकबेथ’ १८८८ च्या डिसेंबरअखेरीस सुरू झालं, लेडी मॅकबेथ एलन टेरी. तुमचं पान रंगीत आहे म्हणता, आणि इथे मी स्पष्ट बोलतो. साप्ताहिकांची नेहमीची पानं काळ्या शाईतच छापली जायची. रंगीत छपाई नाताळच्या आणि खास पुरवण्यांसाठी राखलेली असे. तेव्हा पाठीवर मजकूर असलेलं आणि वर जलरंग दिलेलं पान म्हणजे बहुतेक वेळा विसाव्या शतकात कुणा विक्रेत्यानं रंगवून घेतलेलं पान. कागद खरा, छपाई खरी, रंग नवा. विकणारा ‘मूळ, हाती रंगवलेलं’ असं लिहितो. त्यातले दोन्ही शब्द सुटे सुटे खरे असतात, पण एकत्र वाचल्यावर गिऱ्हाइकाचा गैरसमज होतो. मला ही पद्धत अजिबात पटत नाही. रंग कधी दिला तेही लिहायला हवं.

ओळखायचं कसं? पानाला मधोमध जुनी घडी असेल तर भिंग तिथे धरा. घडीवर कागदाचे तंतू तुटलेले असतात, त्यामुळे नंतर दिलेला जलरंग तिथे जास्त मुरतो आणि घडीवर गडद रेघ उमटते. रंग घडी पडण्याआधीचा असता तर घडीवर तो झिजून फिका झाला असता. दुसरी खूण इतिहासाची. एलन टेरीचा त्या नाटकातला गाजलेला पोशाख हिरवा होता, ॲलिस कॉमिन्स-कार यांच्या आराखड्यावरून विणलेला, आणि त्यावर चमकदार हिरव्या भुंग्यांचे खरे पंख शिवलेले होते. चित्रकार जॉन सिंगर सार्जंटनं १८८९ मध्ये त्याच पोशाखात तिला रंगवलं. खुद्द पोशाख केंटमधल्या स्मॉलहाइथ प्लेस या तिच्या घरी जपलेला आहे, मोठ्या दुरुस्तीनंतर २०११ मध्ये तो पुन्हा लोकांसमोर आला. काळ्या-पांढऱ्या चित्रात तो रंग येणं शक्यच नव्हतं. तुमच्या पानावर तो पोशाख गुलाबी किंवा निळा असेल, तर रंगवणाऱ्यानं नाटकाची काहीच माहिती न घेता मनचे रंग भरलेत हे नक्की समजा.

पाणी लावून रंग उतरतो का असं पाहू मात्र नका. नवा असला तरी तो आता त्या पानाचा भाग आहे, आणि आत्यांनी ते पान तसंच आवडून घेतलं होतं.

याच पानावर उजेडाकडेही बघा. इरविंगला विजेपेक्षा गॅसचा उजेड प्रिय होता, आणि प्रयोग चालू असताना तो प्रेक्षागृह अंधारात ठेवायचा. लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्ये विजेनं उजळलं तरी इरविंगचं मन गॅस आणि लाइमलाइटमध्येच (तापवलेल्या चुन्याच्या प्रखर उजेडात) रमलं. त्याच्या रंगमंचावर अर्धी जागा काळोखी असायची. छापील चित्रात मागचा शिपाईही स्वच्छ दिसतो, कारण लाकडी ठशात सगळीकडे काळोख ठेवला तर शाईचा डाग होतो आणि संपादक ते चालवून घेत नाही. इरविंगच्या रंगमंचाचा काळोख या चित्रांत शोधू नये, तो समकालीन वर्णनांतच सापडतो.

तिसरं पान तुम्हाला सगळ्यात साधं वाटलं असेल, पण मी ते आधी उचललं असतं. ओळीनं आकृत्या, प्रत्येकाच्या पायाखाली नाव, वर नाटकाचं नाव आणि पानाचा क्रमांक, खाली प्रकाशकाचं नाव-पत्ता: हा खेळण्यातल्या थिएटरचा तक्ता. मुलांनी तो विकत घ्यायचा, रंगवायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, कापायचा आणि घरच्या छोट्या रंगमंचावर नाटक लावायचं. काळा तक्ता एक पेनी, रंगवलेला दोन पेनी. तुमच्या तक्त्यावर ‘मिलर अँड हिज मेन’ लिहिलेलं आहे. हे नाटक १८१३ चं, शेवटी पवनचक्की दारूगोळ्यानं उडते, आणि तेवढ्या एका स्फोटासाठी पुढची कित्येक दशकं मुलं ते तक्ते घेत राहिली.

इथे प्रकाशकाचं नाव फार महत्त्वाचं. लंडनच्या हॉक्स्टन भागात जॉन रेडिंग्टनचं दुकान होतं. ते पुढे त्याचा जावई बेंजामिन पोलॉक याच्याकडे गेलं आणि १९३७ मध्ये वारेपर्यंत त्यानं ते चालवलं. जुन्याच पत्र्यांवरचं रेडिंग्टनचं नाव खोडून पोलॉकचं घातलेलं असे, आणि त्यानंतरही पुनर्मुद्रणं निघत राहिली. त्यामुळे एकच चित्र वेगवेगळ्या काळातल्या कागदांवर भेटतं. इथे चित्रापेक्षा कागद बघा: पातळ, मऊ, किंचित खडबडीत असेल तर जुना असण्याची शक्यता जास्त. गुळगुळीत, एकसारखा पांढरा जाड कागद असेल तर पुनर्मुद्रण. आणि हा तक्ता न कापलेला, अखंड तुमच्या हाती आला, हे विशेष आहे. कापण्यासाठीच विकलेली वस्तू अखंड क्वचित उरते.

किमतीचं थोडक्यात. साप्ताहिकांची सुटी पानं इंग्लंडात साधारण दहा ते तीस पौंडांना मिळतात, नट किंवा नाटक गाजलेलं असलं तर थोडी वर. लाखोंनी छापलेली वस्तू आहे, गुंतवणूक म्हणून बघू नका. महाग असतात ती भित्तिपत्रकं, कारण ती भिंतीवर चिकटवायला छापलेली आणि पावसात संपलेली. चित्रकार फ्रेड वॉकरनं १८७१ मध्ये ऑलिंपिक थिएटरातल्या ‘वुमन इन व्हाइट’साठी केलेलं लाकडी ठशाचं भित्तिपत्रक अजूनही लोक शोधत असतात.

नाट्यचित्रांचा मोठा साठा पाहायचा असेल तर लंडनचं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. गॅब्रिएल एन्टहोवेन या बाईंनी १९२४ मध्ये आपला प्रचंड संग्रह तिथे दिला, आणि त्यावर पुढे बाकीचं उभं राहिलं. त्यांच्या संकेतस्थळावर नाटकाचं नाव आणि वर्ष घालून शोधलंत तर तुमच्या पानांची भावंडं सापडतील.

आता जपणुकीचं, कारण सोलापूरचं ऊन आणि मुंबई-कोकणातला पावसाळा दोन्ही कागदाचे वैरी आहेत. १८६० नंतरच्या छपाईत लाकडाच्या लगद्याचा कागद वाढत गेला, तो स्वतःच आम्ल सोडतो, पिवळा पडतो आणि कडेला मोडतो. फ्रेम करायचीच तर पूर्ण सुती, आम्लविरहित बोर्डाचा खिडकी-माउंट (मधे चित्रापुरती खिडकी कापलेली चौकट) मागा, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. चित्र मागच्या बोर्डाला फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्यांनी लावायचं. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ, जी पाण्यानं पुन्हा सुटते. सेलोटेप नको, लाकूडकामाचा पांढरा गोंद नको. मागे प्लायवूड किंवा हार्डबोर्ड नको, त्यातून आम्लही येतं आणि वाळवीही. कडांवरची तारीख माउंटखाली झाकली गेली तरी चालेल, कापली जाता कामा नये.

भिंत बाहेरची नसावी, न्हाणीघराला लागून नसावी, समोर खिडकी नसावी. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबराच्या गुंड्या लावा, हवा खेळती राहते. मला विचाराल तर मॅकबेथ भिंतीवर लावा, पण तक्ता आणि ‘कोलीन बॉन’ आम्लविरहित फोल्डरमध्ये आडवे ठेवा. त्यांची पाठही बघण्यासारखी आहे आणि फ्रेममध्ये ती कायमची झाकली जाईल. कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवायचा असेल तर कागदाला टेकू देऊ नका, त्याचे डाग पडतात. दसऱ्यानंतर कोरडी हवा लागली की एकदा फोल्डर उघडून कसर आणि बुरशी बघून घ्या.

तपकिरी ठिपके काढून देतो म्हणणारे भेटतील. बहुतेक जण ब्लीच वापरतात. पान पांढरं होतं आणि दोन-तीन वर्षांत पापडासारखं तुटायला लागतं, वर जलरंग असेल तर तोही जातो. ठिपके राहू द्यात. पान फाटत असेल, घडीवर सुटत असेल, तर मात्र संग्रहालयांचं काम करणाऱ्या कागद-संवर्धकाला दाखवा. तोवर तिन्ही पानांचे पुढून-मागून, कडांसकट, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा, आणि आत्यांनी ती कुठून, कधी घेतली याबद्दल घरात कुणाला काही आठवत असेल तर ते आत्ताच लिहून त्याच फोल्डरमध्ये घाला. वेगळ्या कागदावर, पेन्सिलनं.